गोल्डहॉक रोडची पोरं

(दृश्य: शेफर्ड्स बुशचा आजचा बाजार, रेल्वेच्या कमानी)

पश्चिम लंडनमधलं शेफर्ड्स बुश. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथली बरीच पोरं पंधराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागायची. कुणी कारखान्यात, कुणी कचेरीत कारकुनाच्या हाताखाली. पगार आठवड्याचा, आणि त्यातला मोठा वाटा शिंप्याकडे जायचा. ही पोरं म्हणजे मॉड. त्यांच्यासमोर वाजवत नावारूपाला आलेला बँड म्हणजे 'द हू'.

(दृश्य: कोट, पार्का, आरसे लावलेली लॅम्ब्रेटा)

हा कोट जवळून बघा. तीन बटणं, अरुंद कॉलर, मागे दोन लांब चिरा. चीर किती इंच हवी, यावर शिंप्याशी वाद व्हायचे. लिव्हाइसची कोरी जीन्स अंगात घालून पोरं गरम पाण्याच्या टबात बसायची, म्हणजे ती आटून पायाला चपखल बसते. वर हा ढगळ हिरवा पार्का, म्हणजे टोपीचा लांब कोट, अमेरिकन सैन्याच्या जुन्या मालातला. स्कूटरवर कोट भिजू नये, तेलाचे डाग पडू नयेत म्हणून.

स्कूटर इटालियन, व्हेस्पा किंवा लॅम्ब्रेटा, बहुतेकदा हप्त्यांवर घेतलेली. त्याच सुमारास बजाजने परवाना घेऊन आपल्याकडे व्हेस्पा बनवायला घेतली होती. आपल्याकडे ती वडिलांची गाडी झाली. तिकडे ती नुकतं मिसरूड फुटलेल्या पोराची होती आणि तिला पुढे आरशांची रांग होती.

कपड्यावरून माणसाचा वर्ग ओळखणाऱ्या देशात कामगारांची पोरं स्वतःच्या कमाईतून ही ऐट करत होती. पुढे वर्तमानपत्रांनी त्यांना गुंड ठरवलं. तसं म्हणण्याआधी हे नीट बघायला हवं.

(दृश्य: जुनी छायाचित्रं)

आता बँड. रॉजर डाल्ट्री पत्र्याच्या कारखान्यात कामाला. सुरुवातीच्या गिटारी त्याने स्वतःच बनवल्या. जॉन एंटविसल प्राप्तिकर कचेरीत कारकून. पीट टाउनशेंड ईलिंगच्या आर्ट कॉलेजात. आधीचं नाव 'डीटूर्स', 1964च्या फेब्रुवारीत ते झालं 'द हू'. त्यानंतर काही आठवड्यांतच ग्रीनफर्डच्या ओल्डफील्ड हॉटेलात कीथ मून नावाचा पोरगा एक गाणं वाजवून बघायला म्हणून ड्रमवर बसला. त्याने दुसऱ्याच्या बास ड्रमचं पेडल मोडलं, असं सांगतात. तो तिथेच बँडचा झाला.

चौघं रिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं नाचरं संगीत, वाजवायचे. मॉडपणा त्यांच्यावर चढवला पीटर मीडनने. तो प्रसिद्धीचं काम करायचा आणि मॉड क्लबांत रमायचा. त्याने चौघांचे केस कापून घेतले, कपडे बदलले, नाव बदलून 'हाय नंबर्स' केलं आणि मॉडांच्या बोलीत गाणी लिहून जुलैमध्ये रेकॉर्ड काढली. ती पडली.

(दृश्य: रेल्वे हॉटेल, कृष्णधवल चित्रण)

हे चित्रण त्याच उन्हाळ्यातलं. हॅरो अँड वील्डस्टोनचं रेल्वे हॉटेल. किट लॅम्बर्ट आणि ख्रिस स्टँप हे दोघे सिनेमातले सहायक दिग्दर्शक. एखाद्या बँडवर फिल्म करायची म्हणून ते शोधात होते. इथे आले आणि थोड्याच दिवसांत बँडचे व्यवस्थापक होऊन बसले. कॅमेरा कुठे वळतो बघा: सारखा गर्दीकडे. पोरं एकेकटी नाचताहेत, मान खाली, खांदे हलताहेत, पाय जेमतेम जागा सोडतात. मंचावरचे चौघं त्यांच्याकडे बघून शिकत होते.

छत किती ठेंगणं आहे तेही दिसतं. सप्टेंबरमध्ये टाउनशेंडच्या रिकनबॅकर गिटारचं डोकं त्या छताला लागून तुटलं. पुढे उभ्या काहींना हसू आलं. त्याने उरलेली गिटार आपटून तिचे तुकडे केले, दुसरी उचलली आणि वाजवत राहिला. आर्ट कॉलेजात त्याने गुस्टाव मेत्झगर यांचं व्याख्यान ऐकलं होतं, विध्वंस हीच कलाकृती मानणाऱ्या कलाकाराचं. पुढच्या वेळी लोक गिटार फुटण्याचीच वाट बघत आले.

(दृश्य: वॉर्डर स्ट्रीट, मार्की क्लबचं काळं पोस्टर)

नोव्हेंबर 1964. नाव पुन्हा 'द हू'. सोहोतल्या मार्की क्लबचा मंगळवार त्यांना मिळाला. मंगळवारी तिथे कोण येणार? तेव्हा शेफर्ड्स बुशच्या गोल्डहॉक क्लबातले हक्काचे श्रोते तिकडे नेले. त्यांच्या भरवशावर मंगळवार उभा राहिला.

(दृश्य: समुद्रकिनारा, वर्तमानपत्रांचे मथळे)

त्याच वर्षी क्लॅक्टन, मार्गेट, ब्रायटन या किनाऱ्यावरच्या गावांत मॉड आणि रॉकर, म्हणजे चामड्याची जाकिटं घालून मोटरसायकलवर फिरणारी पोरं, भिडले. वर्तमानपत्रांनी ते किती फुगवलं, हे समाजशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांनी पुढे 1972 साली दाखवून दिलं.

(दृश्य: गोल्डहॉक क्लबचं दार)

जानेवारी 1965ला 'आय कान्ट एक्स्प्लेन' आलं आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढलं. ते वाजवून झाल्यावर गोल्डहॉकमधली काही पोरं टाउनशेंडला भेटायला आली. आम्हाला बोलता येत नाही ते तू बोललास, आणखी लिही, असं त्यांनी सांगितलं. ही गोष्ट तो पुढे वर्षानुवर्षं सांगत आला आहे आणि त्या मागणीला तो आपलं पहिलं काम म्हणतो.

त्याच वर्षाच्या शरदात 'माय जनरेशन' आलं. गाणाऱ्याची जीभ मुद्दाम अडखळते, मध्ये बास गिटार एकटी वाजते, शेवटी मून सगळं अंगावर आणतो. गाणं दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पुढच्या दोन वर्षांत मॉड लाट ओसरली आणि बँड अमेरिकेला निघाला.