"काका, शिडी आहे का हो?"

मंडळी, फ्रेडरिक बॅकमन या स्वीडिश लेखकाची 'अ मॅन कॉल्ड ऊवे' ही कादंबरी २०१२ साली आली. तिच्यावर बोलायला मला सांगलीसारखी दुसरी जागा नाही. का, ते शेवटी सांगतो.

ऊवे एकोणसाठ वर्षांचा. बायको सोन्या जाऊन सहा महिने झालेत, नोकरीही सुटली आहे. रोज पहाटे तो कॉलनीत फेरी मारतो, गाड्या नीट लावल्यात का बघतो, चुकलेल्याला फाडून खातो. आतून मात्र त्यानं सगळं संपवायचं ठरवलंय. आणि नेमकं तेव्हाच कुणाचं तरी काम आडवं येतं!

समोर राहायला आलेली परवानेह मूळची इराणची, गरोदर, दोन मुलींची आई. तिचा नवरा ट्रेलर मागे घेताना ऊवेच्या टपालपेटीला धडकवतो. मग हे लोक शिडी मागायला येतात, पुढे दवाखान्यात सोडायला सांगतात, शेवटी ती म्हणते, मला गाडी शिकवा. मला ही बाई फार आवडते. ती ऊवेची कीव करत नाही, त्याला कामाला लावते. दुखावलेल्या माणसाला सांत्वनाचा राग येतो, पण "तुम्हालाच जमेल" हे त्याला टाळता येत नाही.

रूनेचं प्रकरण तर जरूर वाचा. हा जुना मित्र. ऊवेची साब कंपनीची गाडी, याची व्होल्वो. आपल्याकडे बांधावरून अबोला धरतात, इथे गाडीवरून. रूनेनं बीएमडब्ल्यू घेतली आणि बोलणंच तुटलं. तोच रूने सगळं विसरू लागतो, सरकारी माणसं त्याला घरातून न्यायला निघतात, तेव्हा ऊवे त्याच्यासाठी उभा राहतो. हे वाचताना मला पुस्तक मिटून बसावं लागलं.

आता सांगलीचं. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर गावभागात घराघरांत चिखल. आमच्या गल्लीत एक काका होते, अंगणात चेंडू आला की परत न देणारे. कारखान्यात वायरमन होते, घरात एकटेच. शेजारची सून गाळानं भरलेला मिक्सर घेऊन त्यांच्या दारात गेली. "काका, बघता का जरा?" काका खेकसले, "माळ्यावर ठेवायची अक्कल नव्हती?" आणि पेपर पसरून बसले. जुन्या टूथब्रशनं एकेक फट साफ केली. आठवड्यात कट्ट्यावर मिक्सर आणि मोटरींची रांग लागली.

संध्याकाळी ती थर्मासमधून चहा घेऊन आली. काका म्हणाले, साखर जास्त झालीय.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मी तिथून जात होतो. कट्ट्यावर काकांनी दोन कप धुऊन पालथे घालून ठेवले होते.