पान चिमटीत धरून बघा

(दृश्य: जुनी दफनभूमी, थडग्यांमधून फिरणारा कॅमेरा)

अमेरिकेतलं इलिनॉय राज्य. मे महिना. थडग्यांभोवतीचं गवत अजून घोट्याला लागतंय, म्हणून वीतभर उंचीची ही केशरी-पिवळी फुलं लांबून दिसतात. जून सरता सरता गवत त्यांच्या डोक्यावरून जाईल, मग शोधत बसावं लागेल.

ही होरी पकून. शास्त्रीय नाव लिथोस्पर्मम कॅनेसेन्स. आपल्या भोकर-भुरुंडीच्या गोतातली. भुरुंडी ज्यांनी पाहिलीय त्यांना हा कळ्यांचा तुरा लगेच ओळखू येईल. विंचवाच्या नांगीसारखा वळलेला, एकेक फूल उमलेल तसा सुटत जाणारा.

(जवळून: तीन फुलं, शेजारी शेजारी)

घोळ होतो तो सख्ख्या भावंडांत. डावीकडचं लिथोस्पर्मम इन्सिसम: रंग फिका पिवळा, पाकळ्यांच्या कडा कातरलेल्या. ते लगेच बाजूला काढता येतं. खरी पंचाईत मधल्या कॅरोलिनिएन्सची. रंग होरीचाच, कडाही सरळ. फूल थोडं मोठं असतं खरं, पण फोटोत ते कसं कळणार? पान चिमटीत धरा. कॅरोलिनिएन्स खरखरीत लागतं. होरीची लव मऊ, आणि इतकी दाट की हिरवं पान राखाडी दिसतं. पायाखाली वाळू असेल तर आधी कॅरोलिनिएन्सचा संशय घ्यावा.

(उभी चिरलेली दोन फुलं)

ही दोन्ही होरीच, पण वेगवेगळ्या झाडांवरची. एकात कुक्षी नळीच्या तोंडाशी आणि पुंकेसर खोल. दुसऱ्यात नेमकं उलट. एका प्रकारचा पराग दुसऱ्याला मिळावा, अशी ही सोय. तेव्हा चार झाडं राखून भागत नाही, दोन्ही तऱ्हेची हवीत.

मूळ लाल असतं. इथले मूळ रहिवासी त्याचा रंग काढत. आम्ही ते उकरलं नाही.

(दृश्य: कुंपण, पलीकडे नांगरलेलं शेत)

१८३७ मध्ये याच राज्यात जॉन डिअरने पोलादी नांगर घडवला. तेव्हा इथे सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी, म्हणजे नैसर्गिक गवताळ माळ होता. आज हजारातला एक एकरही धड उरलेला नाही. थडग्यांवर नांगर कोण घालणार? म्हणून हे तुकडे वाचले. लोडा, वेस्टन इथल्या दफनभूमींना राखीव दर्जा आहे, सगळ्यांना नाही. जिथे नाही, तिथे फुलं असतानाच गवत कापायचं यंत्र फिरतं आणि त्या वर्षीचं बी जातं. फळं पिकेपर्यंत तेवढा कोपरा सोडला तरी चालेल.