पिल्लू डेन्मार्कचं, सुरी पोलंडची

[दृश्य: हॉर्सेन्स. काचेच्या गॅलरीतून दिसणारी कत्तलखान्याची रांग]

हे डेन्मार्कमधलं हॉर्सेन्स. डॅनिश क्राउन या सहकारी मांस कंपनीच्या या कत्तलखान्यात आठवड्याला लाखाच्या आसपास डुकरं कापता येतात. आणि कारखान्याचे मालक? डुक्करपालक शेतकरीच. आपल्या सहकारी साखर कारखान्यासारखाच मामला: सभासदाने माल घालायचा आणि वर्ष संपलं की फरकाची रक्कम घ्यायची.

या सहकाराची सुरुवात याच गावातली. १८८७ मध्ये जर्मनीने रोगाचं कारण देऊन जिवंत डॅनिश डुकरांना सीमा बंद केली. जनावर जात नाही, तर मांस पाठवू, असं शेतकऱ्यांनी ठरवलं. त्याच वर्षी इथे पहिला सहकारी कत्तलखाना उभा राहिला. ब्रिटिशांच्या न्याहारीत डॅनिश बेकन रुजलं ते अशाच कत्तलखान्यांच्या जोरावर.

[दृश्य: महामार्ग, तीन मजली ट्रक]

आज जिवंत डुकरं पुन्हा दक्षिणेकडे निघाली आहेत. साधारण तीस किलोची पिल्लं, वर्षाला एक कोटीहून जास्त. सर्वात जास्त पोलंडला, त्याखालोखाल जर्मनीला. डॅनिश शेतकरी पैदाशीत पटाईत आहे. एक मादी वर्षाला तीसहून अधिक पिल्लं वाढवते. पण ती पोसायला आणि कापायला इथे खर्च जास्त. डॅनिश कत्तल कामगाराची मजुरी युरोपातल्या सर्वात चढ्या मजुरींपैकी एक आहे. जर्मनीत मात्र कितीतरी वर्षं रुमानिया, बल्गेरियातून ठेकेदारामार्फत आणलेले मजूर सुरी चालवत होते. ती ठेकेदारी कायद्याने बंद झाली २०२१ मध्ये.

तिकडे पिल्लाला भाव बरा मिळतो, म्हणून सभासद पिल्लू तिकडेच विकतो. त्याला दोष तरी कसा द्यायचा? पण कारखाना त्याचाच, आणि रिकामा पडतोय तोही त्याचाच. २०२४ मध्ये डॅनिश क्राउनने रिंगस्टेडचा कत्तलखाना बंद केला. सुमारे बाराशे लोकांचं काम गेलं.

[दृश्य: वायले फ्योर्ड, हिरवट पाणी]

पिल्लू गेलं, तरी त्याची आई इथेच आहे. तिचं शेणमूत इथल्याच शेतात पडतं. शेतांतला नायट्रोजन वाहत फ्योर्डमध्ये, म्हणजे जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या खाडीत, उतरतो, शेवाळ माजतं, तळाचा प्राणवायू संपतो. २०२४ च्या वसंतात वायले गावच्या लोकांनी आपल्या फ्योर्डची चक्क अंत्ययात्रा काढली.

त्याच वर्षी जूनमध्ये सरकार, शेतकरी संघटना, निसर्गप्रेमी आणि कामगार संघटना एका टेबलाशी बसल्या. ठरलं ते असं: २०३० पासून जनावरांच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनावर कर, टनामागे ३०० क्रोनर (डॅनिश चलन), २०३५ ला ७५०. साठ टक्के सूट असल्यामुळे हातून जाणार १२० आणि पुढे ३००. शिवाय अडीच लाख हेक्टरवर नवं जंगल. पशुधनावर असा कर लावायचं ठरवणारा हा जगातला पहिला देश.

कारखाने या करामुळे बंद पडतात, असं म्हणणं सोपं आहे. पण कर २०३० चा, रिंगस्टेड २०२४ चं. मजुरीतला फरक तर कराच्या किती आधीचा! प्रश्न वेगळाच आहे. डॅनिश कर डॅनिश गोठ्यापुरता. सीमा ओलांडलेलं पिल्लू पुढचे काही महिने खातं, वाढतं, त्याचा हिशेब पोलंडच्या वहीत लागतो.

त्या टेबलाशी कत्तलखान्यातल्या कामगारांची संघटनाही होती. तिने सही केली. जनावर इथे कापलं जावं, ही मागणी ती आजही सोडत नाही, आणि तीस किलोच्या पिल्लाचा भाव पोलंडमध्ये चांगला असेतो शेतकरी ती ऐकणार नाही.