दहाव्या मजल्यावर पाणी कसं पोचतं?

श्रोतेहो, नमस्कार. हाँगकाँगची लोकसंख्या साधारण 75 लाख. मुलूख डोंगराळ, त्यातली जेमतेम पाव जमीन बांधकामाखाली. त्यामुळे तिथली वस्ती आडवी पसरली नाही, उभी चढली. तिथला सर्वांत उंच मनोरा 484 मीटरचा आहे. आपल्या बेळगावात टिळकवाडी-हिंदवाडीकडे जुने बंगले पाडून उभी राहणारी अपार्टमेंटं त्यापुढे ठेंगणीच; पण पाणी आणि आग दोन्हीकडे सारखीच वागतात. फ्लॅट बघायला गेल्यावर आपण टाइल्स निरखतो, किचनचा कट्टा निरखतो. गच्चीवर मात्र कुणी चढत नाही.

आधी पाण्याचा हिशेब करू. माणशी रोज 135 लिटर धरायचे. 48 फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे सुमारे 26 हजार लिटर झाले. एवढं पाणी संपमधून, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतून, 40 मीटर वर चढवायला, पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तरी, दिवसाला सहाएक युनिट वीज पुरते. वाटतं तेवढा हा खर्च मोठा नाही. घोळ होतो तो दाबाचा.

पाण्याच्या दर 10 मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे एक किलो दाब वाढतो. टाकी 40 मीटरवर असेल तर तळमजल्याच्या नळावर चार किलो दाब येतो. मग नळातले वॉशर आणि कार्ट्रिज लवकर जातात, फ्लशचा व्हॉल्व्ह गुणगुणतो, नळ पटकन बंद केला की पाइप धडधडतो. वरच्या फ्लॅटची तऱ्हा उलटी. टाकी डोक्यावर जेमतेम तीन मीटर, त्यामुळे दाब पाव किलोच्या आसपास. शॉवर नुसता ठिबकतो. उपाय ठरलेला आहे: वरच्या दोन मजल्यांना बूस्टर पंप, खालच्यांना दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आणि दोघांच्या लाइनी वेगळ्या. सगळ्या मजल्यांना एकच लाइन दिसली तर बिल्डरला जरूर विचारा. 484 मीटरला हेच गणित लावलं तर तळाशी 48 किलो दाब होईल, म्हणून तसल्या मनोऱ्यांत मधल्या मजल्यांवर टाक्या ठेवून पाणी टप्प्याटप्प्यानं चढवतात. हाँगकाँगमध्ये तर 80 टक्क्यांहून अधिक लोकांच्या संडासात समुद्राचं खारं पाणी वापरतात, त्याच्या लाइनी वेगळ्याच. आपल्याकडे समुद्र नाही, पण न्हाणीचं सांडपाणी गाळून फ्लशला देता येतं. त्यासाठी दुसरी लाइन बांधतानाच टाकावी लागते. नंतर भिंती फोडून कुणी टाकत नाही.

आता आग. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या लेखी 15 मीटर आणि त्यापुढची इमारत उंच. तिच्यात आगीसाठीचं पाणी राखून ठेवायचं असतं. चांगली पद्धत अशी: आधी आगीची टाकी भरते आणि तिच्यातून ओसंडलेलं पाणी घरगुती टाकीत जातं. यानं राखीव साठा कायम भरलेला राहतो, पाणीही शिळं होत नाही. पण एप्रिल-मे उजाडला, नळाला पाणी येईना, की कुणीतरी मधला व्हॉल्व्ह उघडतो आणि आगीचं पाणी धुण्याभांड्याला जातं. दुसरी खोड आगीच्या पंपाची. तो ‘ऑटो’वर हवा, आवाज नको म्हणून ‘मॅन्युअल’वर टाकलेला असला, तर आगीच्या रात्री पॅनेलपर्यंत धावत जाणार कोण?

नोव्हेंबर 2025 मध्ये हाँगकाँगच्या ताय पो भागात दुरुस्ती चाललेल्या वसाहतीला आग लागली. आठपैकी सात इमारती पेटल्या, दीडशेहून अधिक माणसं गेली. परांचीवरची जाळी आणि खिडक्यांवर लावलेले फोमचे तक्ते यांवर तपासात बोट ठेवलं गेलं. तेव्हा आपल्या इमारतीला रंग देताना हिरवी जाळी बांधायची असेल, तर ती आग न धरणारी आहे का, हे कंत्राटातच लिहून घ्या. जिन्याचं फायर डोअर वीट लावून उघडं ठेवू नका. धूर त्याच वाटेनं वर चढतो.

आणि एकदा गच्चीवर जाऊन सगळ्यांत वरचा हायड्रंट, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा नळ, उघडून बघा. पंप चालू असताना तिथल्या गेजवर साडेतीन किलो दाब दिसला पाहिजे. काटा त्याखाली असेल तर पुढच्या मेन्टेनन्स बैठकीत पहिला विषय हाच घ्या, लॉबीचा रंग नंतर.