टेप, घड्याळ आणि आवक शिक्का

(दादरमध्ये रस्ता-सुरक्षेसाठी काम करू इच्छिणाऱ्या स्वयंसेवकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

"आमच्या भागातला रस्ता अत्यंत धोकादायक झाला असून कृपया योग्य ती कारवाई करावी." अशी पत्रं वॉर्ड ऑफिसात ढिगाने येतात आणि त्यांचं पुढे काय होतं ते मी सांगायला नको. पण दोष नुसता ऑफिसचा नाही. या वाक्यात अभियंत्याने करण्यासारखं काही नाहीच. कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत, किती रुंद, काय बसवायचं, हे लिहिलेलं नसेल तर अंदाजपत्रक होत नाही आणि अंदाजपत्रकाशिवाय काम निघत नाही. तेव्हा आज मी रस्त्यावर उतरून काय मोजायचं आणि मोजलेलं कोणाच्या टेबलावर ठेवायचं, एवढंच बोलणार आहे.

टेबल आधी ठरवू. मुंबईत रस्ता कोणाचा हा प्रश्न साधा नाही. बहुतेक रस्ते महापालिकेचे. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्ग २०२२ पर्यंत एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे होते, आता तेही पालिकेकडे आहेत. बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, एमएमआरडीएचं, गोदीतले रस्ते बंदर प्राधिकरणाचे, स्टेशनच्या दारातला तुकडा बहुधा रेल्वेचा. शिवाय एकाच चौकात वाटण्या असतात. सिग्नलचा खांब, दिवे, झेब्राचे पट्टे पालिकेचे, एकेरी वाहतूक, नो पार्किंग आणि सिग्नलचे सेकंद यांत शब्द चालतो वाहतूक पोलिसांचा, बसथांबा बेस्टचा. फुटलेलं झाकण नि उखडलेला फूटपाथ वॉर्डातलं परिरक्षण खातं बघतं, रस्ता नव्याने बांधायचा असेल तर रस्ते खातं. एकाच पत्रात सगळ्यांना सगळं मागितलं की प्रत्येक जण ते दुसऱ्याकडे 'पुढील कार्यवाहीस्तव' पाठवतो. चौक एक, पण पत्रं तीन, आणि प्रत्येकात फक्त त्या खात्याचं काम.

आता मोजणी. पाच जणांचा गट, तीस मीटरची टेप, खडू, घड्याळाचा मोबाइल, वही. आणि एकच चौक. आख्खा वॉर्ड सुधारायला निघालेले गट दोन महिन्यांत थकतात.

वेगापासून सुरुवात करा, कारण 'गाड्या सुसाट जातात' याला कागदावर किंमत नाही. रविवारी सकाळी सहाला, रस्ता रिकामा असताना, फूटपाथच्या कडेला खडूने दोन खुणा करा, बरोबर पन्नास मीटर अंतरावर. प्रत्येक खुणेसमोर पलीकडचा एखादा खांब किंवा झाड हेरून ठेवा, म्हणजे गाडी रेषेवर आली की नाही हे तिरक्या नजरेने ठरवावं लागणार नाही. गाडीला हे पन्नास मीटर कापायला सहा सेकंद लागले तर वेग ताशी तीस किलोमीटर. साडेचार सेकंद म्हणजे चाळीस. ३.६ सेकंद म्हणजे पन्नास. अंगठ्याची ०.२ सेकंदाची चूक पन्नासच्या वेगाला तीनेक किलोमीटरने हलवते, म्हणून एका गाडीवर विश्वास ठेवायचा नाही, शंभर मोजायच्या. रांगेत अडकलेल्या सोडून द्या, मोकळ्या धावणाऱ्याच घ्या. मग सेकंदांचे वेग करून ते चढत्या क्रमाने लावा आणि पंचाऐंशीवा आकडा बघा, म्हणजे शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात तो. अभियंते वेग याच आकड्यात बोलतात. सरासरी दिली तर ते हसत नाहीत, पण वापरतही नाहीत.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे चमकणारी जाकिटं घालून रस्त्याच्या तोंडाशीच उभं राहणं. लांबून पोलिस वाटता, सगळे ब्रेक दाबतात आणि तुमचा रस्ता कागदावर आदर्श ठरतो. दुसरी म्हणजे मोजणी फक्त संध्याकाळी करणं. सहा वाजता गोखले रोडवर कोणी इच्छा असली तरी वेगात जाऊ शकत नाही. रात्री अकरानंतरचा तास घ्या. तो रस्ता वेगळाच असतो. हा आकडा कशाला हवा? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानुसार सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता सुमारे चार टक्क्यांनी वाढते. माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे ताशी तीसची मर्यादा जगभर मागितली जाते, ती याच कारणाने.

पादचारी मोजायला सोपे. सकाळी आणि संध्याकाळी गर्दीचा एकेक तास, पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची, म्हणजे आयआरसीची, एक जुनी कसोटी आहे: तासाला ओलांडणारी माणसं गुणिले वाहनांच्या संख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार दहा कोटींच्या पुढे गेला की नियंत्रित क्रॉसिंगची मागणी रास्त ठरते. दुभाजक असेल तर वीस कोटी. तीनशे माणसं आणि सहाशे वाहनं घ्या, १० कोटी ८० लाख होतात. मुंबईत हा आकडा ओलांडणं अजिबात अवघड नाही. पण कसोटीत एक खोट आहे. ओलांडलेली माणसं मोजली जातात, ओलांडायला घाबरून परत फिरलेली नाहीत. म्हणून तिसरा रकाना आखाच: कडेला येऊन अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबलेले आणि परत गेलेले. आजी-आजोबा, काठी टेकणारे, लहान मूल कडेवर असलेले या रकान्यात जास्त सापडतात.

चौथा रकाना थोडक्यात हुकलेल्या अपघातांचा. राष्ट्रीय महामार्गांसाठी 'ब्लॅक स्पॉट'ची सरकारी व्याख्या अशी की पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा दहा माणसं गेली. म्हणजे यादीत यायला आधी माणसं मरायला हवीत. गचकन ब्रेक लागले, कोणी उडी मारून मागे आलं, स्कूटर घसरता घसरता सावरली, हे सगळं वेळेसकट लिहून ठेवलं तर ही वाट बघावी लागत नाही.

सिग्नलबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण इथे पैसा लागत नाही, फक्त सेकंद हलवायचे असतात. पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. अठरा मीटरच्या रस्त्याला पंधरा सेकंद. पण वयस्कर माणूस ०.८ मीटरने चालतो. त्याला साडेबावीस लागतात. आता घड्याळ हिरवा माणूस दिसला की सुरू करू नका. शेवटची गाडी झेब्रावरून खरोखर हटली की सुरू करा. कागदावर वीस सेकंद असले तरी मागून घुसणारे दुचाकीस्वार आणि डावीकडे वळणाऱ्या गाड्या त्यातले किती खातात, ते या फरकावरून कळतं. वाहतूक चौकीत जाताना हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून न्या: दिलेले सेकंद आणि मिळालेले सेकंद. दहा फेऱ्यांची नोंद पुरते.

सेकंद वाढवायला जागा नसेल तर अंतर कमी करा. चौकाच्या कोपऱ्यावर फूटपाथ दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर पुढे काढला तर अठराचे चौदा मीटर होतात, आजोबांचे पाच सेकंद वाचतात, आणि कोपरा आवळल्यामुळे वळणाऱ्या गाडीला वेग कमी करावाच लागतो. यावर पहिला आक्षेप ठरलेला: बस कशी वळणार, बंब कसा वळणार? रास्त प्रश्न आहे. म्हणून थेट कर्बस्टोन, म्हणजे फूटपाथच्या कडेचे दगड, मागू नका. आधी शंकू आणि बॅरिकेड लावून तात्पुरती आखणी मागा. मालाडच्या मिठ चौकीवर पालिका आणि वाहतूक पोलिसांनी रंग आणि अडथळ्यांनी असा प्रयोग केलेला आहे. बेस्टची मोठी बस वळताना शंकू पाडते का, ते बघायचं आणि शंकू सरकवायचे. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: स्वतः ब्रश घेऊन रस्त्यावर पट्टे मारायचे नाहीत. परवानगी नसते, साधा रंग पहिल्या पावसात जातो, आणि ओल्या रंगावर दुचाकी घसरली तर जबाबदार तुम्ही. खरे पट्टे तापवून ओतलेल्या थर्मोप्लास्टिकचे असतात, वर काचेचे मणी, आणि ते कोरड्या रस्त्यावरच धरतात.

लोकांची पहिली मागणी नेहमी स्पीडब्रेकरची असते. माझा त्याला सरसकट विरोध नाही, पण जे बसतं ते बघा. आयआरसीच्या आराखड्यातला उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी दहा सेंटिमीटर उंच, म्हणजे सावकाश चढणारा. आपल्या गल्लीत बसतो तो हातभर रुंदीचा टेंगूळ. त्याने पाठ मोडते, रुग्णवाहिका थांबते, आणि रिक्षावाला कडेच्या फटीतून तसाच निघून जातो. त्यापेक्षा झेब्राच फूटपाथच्या पातळीला उचलून मागा. चालणाऱ्याला उतरावं लागत नाही, गाडीला मात्र चढावं लागतं. फक्त जुलै आठवा: उचललेला झेब्रा म्हणजे पाण्याला बांध. चढाच्या बाजूला पर्जन्यजलवाहिनीची जाळी नसेल तर तिथे तळं होणार आणि पुढच्या उन्हाळ्यात तुमचा झेब्रा फोडला जाणार. मागणीतच जाळी लिहा.

फूटपाथवरचे खांब, म्हणजे बोलार्ड, हा आपल्याकडचा लाडका उपाय. दुचाकी चढू नये म्हणून ते लावतात. व्हीलचेअर जायला नव्वद सेंटिमीटरची मोकळी वाट लागते. स्कूटरच्या हॅण्डलची रुंदी साधारण सत्तर. म्हणजे स्कूटर अडेल इतके जवळ खांब लावले तर व्हीलचेअर आधी अडते, आणि व्हीलचेअर जाईल इतकं अंतर ठेवलं तर स्कूटर हसत जाते. या गणिताला उत्तर नाही. खांब मोटारी अडवतात, तेवढंच त्यांचं काम. दुचाकीसाठी दंडच लागतो. निदान एखादी फट एक मीटरची आहे का, आणि फूटपाथवर चढायच्या उताराचा चढ एकास बारापेक्षा तीव्र नाही ना, हे टेपने बघा. पंधरा सेंटिमीटरच्या कर्बला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो.

आता नाजूक विषय. फूटपाथची मोजणी म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर फेरीवाला येतो. आयआरसी मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि डोक्यावर २.२ मीटर सांगते. ती कोण खातं याची यादी रानडे रोडवर एकदा प्रामाणिकपणे करा: दुकानांच्या पायऱ्या, विजेच्या पेट्या, फलकांचे खांब, उभ्या दुचाकी, चौकी, झाडाभोवतीचा कट्टा, आणि हो, फेरीवालेही. फेरीवाला हलवणं सोपं, म्हणून तोच दिसतो. स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत विक्री नको, असं न्यायालयांनी सांगितलं आहे. पण २०१४ च्या फेरीवाला कायद्याने त्याला हक्क दिले आहेत आणि नगर फेरीवाला समितीत चाळीस टक्के जागाही. तो दिवसाचे बारा तास तिथे असतो, कुठे कोण आपटतं हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. चौथा रकाना भरताना त्याला विचारा. पायऱ्या आणि पेट्या हटल्या तर दोघांनाही जागा होते, असं बऱ्याच ठिकाणी टेप दाखवते.

कायद्याची ओळख पत्रात एका ओळीत पुरे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळा फूटपाथ हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १९८-अ सदोष रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर एक लाखापर्यंत दंड सांगतं. पत्राच्या तीन प्रती, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. महिनाभरात हालचाल नसेल तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत, एकाच विषयावर, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. 'काम का झालं नाही' असं विचारू नका, उत्तर 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असं येईल. कागद मागा: माझ्या अमुक क्रमांकाच्या पत्रावरील टिपणी, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, दोषदायित्व कालावधी, म्हणजे कंत्राटदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, कधी संपतो तो दाखला. तीस दिवसांत उत्तर नाही तर वीस रुपयांचं पहिलं अपील.

वेळेचं भान ठेवा. पालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत येतो, म्हणजे मागणी दिवाळीच्या आत पोचायला हवी. पावसाळ्यासाठी खोदकाम मेअखेरीस थांबतं आणि ऑक्टोबरात उघडतं. आणि तुमच्या रस्त्याचं काँक्रिटीकरण निघालं असेल तर बाकी सगळं सोडून आराखडा बघायला जा. कर्बची रेषा, जाळ्या, केबलसाठीचे पाइप तेव्हा बदलता येतात. एकदा काँक्रीट पडलं की कित्येक वर्षं बदलत नाहीत. सायकलवाल्या मित्रांनाही हेच सांगणं. बीकेसीतला ट्रॅक बांधला गेला, पण स्टेशनला जोडला नाही आणि तिथे गाड्या उभ्या राहिल्या.

काम झालं की तीन महिन्यांनी त्याच वारी, त्याच तासाला, त्याच खुणांवर पुन्हा शंभर गाड्या मोजा. वेग उतरला नसेल तर तेही लपवू नका, तसंच लिहून द्या. पुढच्या चौकाला तुमचा आकडा मानला जाईल तो त्यामुळेच. आणि पहिल्या दिवशी ज्या दिव्याच्या खांबाला पाठ लावून फोटो काढला, त्याचा क्रमांक वहीत असू द्या. गॅसवाला किंवा केबलवाला येऊन चर खणतो, वर माती लोटतो आणि झेब्राच्या दोन पट्ट्या कायमच्या जातात. तेव्हा त्याच खांबापासून काढलेला दुसरा फोटो घेऊन त्याच खिडकीवर जायचं असतं.