खिळ्याला अडकवलेला कागद

नमस्कार, श्रोतेहो. चार मुलं मिळून बागेला आपोआप पाणी घालणारं यंत्र करतात. एक प्रोग्राम लिहितो, एक सोल्डरिंग करते, तिसरा पंप आणि नळ्या बघतो, चौथी सामान आणते. पंप सुरू झाला रे झाला की आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम चालवणारं छोटं इलेक्ट्रॉनिक बोर्ड, बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि सगळे प्रोग्रामवाल्याकडे बघतात. दोष मात्र वीजपुरवठ्यात असतो.

1903 सालची गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या डेटन शहरात सायकलच्या दुकानात राइट बंधू आणि त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलर विमानाचं इंजिन करत होते. बोलता बोलता हव्या त्या भागाचं चित्र चिठोऱ्यावर काढायचं, टेलरनं ते कामाच्या टेबलावर खिळ्याला अडकवायचं. सहा आठवड्यांत इंजिन उभं राहिलं! पण नोव्हेंबरात, विमान उडवायच्या जागी, किटी हॉकच्या वाळूत ते अडखळत चालायला लागलं. हिसके बसून पंख्यांचे दांडे निखळले. ते टेलरकडे गेले, दुरुस्त होऊन आले. मग दांड्यांवरची चेनची दातेरी चक्रं ढिली व्हायला लागली. कितीही आवळा, पुन्हा ढिली. शेवटी सायकलचे टायर रिमला चिकटवायचं सिमेंट लावलं, तेव्हा कुठे ती घट्ट बसली. तोवर पोकळ दांड्याला बारीक चीर! धाकटा राइट, ऑरव्हिल, स्वतः डेटनला गेला आणि स्प्रिंग स्टीलचे भरीव दांडे घेऊन 11 डिसेंबरला परतला. 17 तारखेला विमान उडालं, 12 सेकंद.

हिसका इंजिनाचा, तुटला दांडा. पुन्हा सांगते: हिसका इंजिनाचा, तुटला दांडा.

तसाच झटका पंपाचा, बंद पडतो आर्डुइनो. म्हणून पंपाला 12 व्होल्टचा वेगळा अडॅप्टर द्या. पंप आर्डुइनोच्या पिनेला थेट नको, मध्ये मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, हवा. दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड, म्हणजे मायनसच्या तारा, एकमेकांना जोडा. हेच राहून जातं, आणि मग पंप लहरीपणानं चालतो. पंपाच्या दोन टोकांवर 1 एन 4007 डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, त्याचा पट्टा प्लसकडे. कुठल्या पिनेला कुठल्या रंगाची वायर, ते एकाच कागदावर लिहून भिंतीला लावा. बदल आधी कागदावर, मग वायरीत. आधी कागदावर!

आणि शाळांनो, हत्यारांच्या कपाटाचं कुलूप काढा. पक्कड हातात घेतल्याशिवाय पक्कड येत नाही.

पंप जोडण्याआधी त्याच्या जागी एलईडी आणि 1 किलोओहमचा रेझिस्टर लावून बघा. एलईडी नीट पेटला की मगच पंप जोडा, आणि त्या वेळी चौघंही टेबलाशी हवीत.