व्हेनिसची सार्वजनिक बोट

मुख्य भूमीवरून येणारा मोटाररस्ता पियात्साले रोमा या चौकात संपतो आणि तिथून पुढे व्हेनिसमध्ये एक तर पायी जायचे किंवा पाण्यावरून. काठाला लागलेली ही १ क्रमांकाची बोट, जिला इथे वापोरेत्तो म्हणतात, सहलीसाठी सोडलेली नाही. एसीटीव्ही या सार्वजनिक वाहतूक कंपनीच्या वेळापत्रकानुसार ती बाजाराला, शाळेला आणि कामाला निघालेल्यांना घेऊन जाते.

ग्रँड कॅनॉल हा सुमारे ३.८ किलोमीटर लांबीचा, उलट्या 'एस'सारखा वळणारा कालवा आहे. बोट कधी या काठाला, तर कधी त्या काठाला लागते. १८५४ पर्यंत या कालव्यावर रिआल्तो हा एकच पूल होता आणि आजही चारच आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे हे नागमोडी जाणे किती उपयोगाचे आहे ते कळते. वाफेवर चालणारी पहिली सार्वजनिक बोट १८८१ मध्ये इथे सुरू झाली, तेव्हा पोटावर पाय येईल या भीतीने गोंडोला वल्हवणाऱ्यांनी संप केला होता.

आता धक्क्याकडे पाहा. हा धक्का स्वतःच पाण्यावर तरंगतो आणि भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे त्याला काठाशी जोडणाऱ्या फळीचा उतार दिवसभर बदलत राहतो. बोट जवळ येताच कठड्याशी उभा असलेला खलाशी धक्क्यावरच्या खुंटाला दोर टाकतो आणि त्याचे दुसरे टोक बोटीवरच्या खुंटाभोवती आवळतो. चालक इंजिन बंद करत नाही. ताणलेल्या दोराच्या आधाराने तो बोट धक्क्याला दाबून धरतो. मग खलाशी कठड्याचे सरकते दार उघडतो, उतरणाऱ्यांना आधी वाट देतो, चढणाऱ्यांना आत घेतो, दार लावून दोर सोडतो, आणि बोट पुन्हा प्रवाहात शिरते. एवढे सगळे पुढच्या थांब्यावर पुन्हा करायचे असते. या माणसांच्या हातांवर शहराचे वेळापत्रक चालते, हे प्रवाशांच्या क्वचितच ध्यानात येते.

सगळ्या बोटी एकसारख्या नसतात. शहराला वळसा घालणाऱ्या ४.१, ४.२, ५.१ आणि ५.२ या मार्गांवर अरुंद, बसक्या बांध्याच्या बोटी धावतात, कारण त्यांना कान्नारेज्योच्या कालव्यावरील कमी उंचीच्या पुलांखालून जावे लागते. भरती फार चढली की त्यांनाही मार्ग बदलावा लागतो. इस्पितळाचा थांबा याच वळशावर आहे, आणि सान मिकेले बेटावरील दफनभूमीचाही. लिडो या बेटाकडे मात्र खुल्या खाजणातून दुमजली मोठ्या बोटी जातात.

पाहुण्याला ७५ मिनिटांच्या तिकिटासाठी ९.५० युरो मोजावे लागतात. रहिवाशाला ओळखपत्रावर तोच प्रवास बराच स्वस्त पडतो, आणि तसा तो पडायलाच हवा. चढण्यापूर्वी तिकीट यंत्राला टेकवायचे आणि पाठीवरची पिशवी उतरवून पायाशी ठेवायची, एवढेच पाहुण्याने पाळायचे असते.

इंजिनाच्या बोटींनी उठवलेल्या लाटांमुळे काठावरील इमारतींचे पाये झिजतात, त्यासाठी वेगमर्यादा आहेत. जुन्या शहराची लोकसंख्या ५०,००० च्या खाली आली असली, तरी रात्री उशिरा दिवसाचे मार्ग थांबतात तेव्हा 'एन' ही रात्रीची फेरी सुरू होते.